घड्याळ सांभाळणारं बुद्धिबळ इंजिन: एका चालीला किती वेळ द्यायचा?

घरी लिहिलेलं बुद्धिबळ इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम, पहिल्यांदा स्पर्धेत उतरतं तेव्हा ते बहुधा पटावर हरत नाही, घड्याळावर हरतं. एक हत्ती जास्त, प्यादं वजीर व्हायला एक घर बाकी, आणि फ्लॅग पडलेला, म्हणजे वेळ संपलेला. त्यावरचा घाईचा उपाय म्हणजे प्रत्येक चालीला सरसकट एक सेकंद. मग टाइमवर हरणं थांबतं, पण पाच मिनिटांच्या डावात चाळीस चालींना चाळीस सेकंद वापरून, उरलेली चार मिनिटं वीस सेकंद खिशात ठेवून इंजिन मात खातं.

वेळेच्या कोडला दोन कामं असतात. पहिलं, फ्लॅग कधीही पडू द्यायचा नाही. दुसरं, निर्णय अडलेला असेल तिथे वेळ सढळ हाताने खर्च करायचा आणि चाल उघड असेल तिथे वाचवायचा. कामं याच क्रमाने करायची. पहिलं पक्कं न करता दुसऱ्याला हात घातला तर हरलेल्या डावांमधून काहीच कळत नाही.

इंजिन कायदेशीर चाली करतं, अल्फा-बीटा शोध (निरुपयोगी फांद्या छाटत चाली तपासणं) चालतो आणि यूसीआयवर (इंजिन आणि पट दाखवणारा प्रोग्राम यांच्यातली भाषा) बोलता येतं, इथवर मजल मारलेल्यांसाठी पुढचं सगळं आहे.

घड्याळाची खबर

यूसीआय हा प्रोटोकॉल रुडॉल्फ ह्युबर आणि स्टेफान मायर-कालेन यांनी २००० साली आणला. त्यात ‘गो’ या आज्ञेसोबत पांढऱ्याचा उरलेला वेळ (डब्ल्यूटाइम), काळ्याचा (बीटाइम), दोघांचं इंक्रिमेंट, म्हणजे प्रत्येक चालीमागे मिळणारा जादा वेळ (डब्ल्यूइंक, बीइंक), आणि पुढच्या टप्प्यापर्यंत, म्हणजे घड्याळात नवा वेळ जमा होईपर्यंत, किती चाली बाकी आहेत (मूव्ह्जटूगो) हे येतं. वेळेचे सगळे आकडे मिलिसेकंदात. पाच मिनिटं अधिक तीन सेकंदांच्या डावाची पहिली आज्ञा म्हणजे ‘गो डब्ल्यूटाइम ३००००० बीटाइम ३००००० डब्ल्यूइंक ३००० बीइंक ३०००’.

वाचतानाच चार चुका होतात. इंक्रिमेंट नसलेल्या डावात ते दोन शब्द येतीलच असं नाही, म्हणून आधी शून्य भरून ठेवा. नाहीतर मागच्या डावाचे तीन सेकंद या डावात धरले जातात. उरलेला वेळ कधीकधी ऋण येतो, कारण फ्लॅग पडल्यावरही काही प्रोग्राम डाव चालू ठेवतात. तो आकडा अनसाइन्ड प्रकारात साठवलात तर उणे पाच मिलिसेकंदांचे अब्जावधी होतात आणि इंजिन समाधी लावून बसतं. तिसरी चूक, ‘गो मूव्हटाइम १०००’ आल्यावरही आपलं काटकसरीचं गणित लावणं. इथे एक सेकंद दिलाय, तो पूर्ण वापरायचा, फक्त सुरक्षेची वजावट करून. चौथी, ‘गो इन्फिनिट’मध्ये मात सापडली म्हणून आपणहून चाल जाहीर करणं. ‘स्टॉप’ येईपर्यंत गप्प राहायचं असतं.

‘गो’ची ओळ वाचली त्याच क्षणी वेळेची नोंद घ्या. पटाची मांडणी, हॅश टेबलची (आधी तपासलेल्या स्थितींच्या नोंदवहीची) साफसफाई झाल्यावर घेतलीत तर तेवढा वेळ घड्याळातून गेलेला असतो आणि तुमच्या हिशोबात नसतो.

कोणतं घड्याळ वापरता यालाही महत्त्व आहे. सी++मध्ये स्टेडी क्लॉक घ्या. सिस्टिम क्लॉक इंटरनेटवरून स्वतःला दुरुस्त करतं, त्यामुळे डावाच्या मध्येच मागेपुढे सरकू शकतं. जुनं ‘क्लॉक’ फंक्शन तर सापळाच आहे. लिनक्सवर ते प्रोसेसरचा वेळ मोजतं आणि सगळ्या थ्रेडचा एकत्र मोजतं. चार थ्रेडवर इंजिन चालवलं की एका सेकंदात त्याला चार सेकंद गेल्यासारखे वाटतात. विंडोजवर तेच फंक्शन भिंतीवरच्या घड्याळासारखं चालतं. म्हणून एकाच्या लॅपटॉपवर ठीक आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उतावीळ, असा प्रकार दिसला तर आधी इथे पाहा.

एकेक पायरी खोल

वेळेवर थांबता यायचं असेल तर शोध टप्प्याटप्प्याने हवा. आधी एक चाल खोल, मग दोन, मग तीन. याला इटरेटिव्ह डीपनिंग म्हणतात. तेच काम पुन्हापुन्हा होतंय असं वाटतं, पण मागच्या फेरीची सर्वोत्तम चाल पुढच्या फेरीत सर्वात आधी तपासली जाते आणि अल्फा-बीटाची छाटणी त्यामुळेच धारदार होते. शिवाय कधीही थांबवलं तरी हातात एक पूर्ण झालेलं उत्तर असतं.

पुढच्या फेरीला किती वेळ लागेल? चांगल्या छाटणीच्या इंजिनात प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या साधारण दुप्पट वेळ घेते असं धरू. एक, दोन, चार, आठ असे टप्पे गेले तर आतापर्यंतची बेरीज पंधरा आणि पुढची फेरी सोळा. म्हणजे पुढची फेरी आतापर्यंतच्या सगळ्या वेळेइतकीच मोठी. त्यामुळे ठरवलेल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त वेळ गेला असेल तर नवी फेरी बहुधा पुरी होणार नाही. तुमच्या इंजिनाचा गुणक दीड आहे की तीन, ते लॉगमध्ये मोजून घ्या. छाटणी कच्ची असेल तर तीनच्याही पुढे जातो, आणि तेव्हा वेळेच्या कोडआधी चालींचा क्रम सुधारणं जास्त फायद्याचं.

या रचनेतून दोन लिमिट निघतात. सॉफ्ट लिमिट फक्त दोन फेऱ्यांच्या मध्ये तपासायची: ‘आणखी एक फेरी सुरू करू का?’ हार्ड लिमिट शोधाच्या आत तपासायची: ‘आता जिथे असशील तिथून परत ये.’ नवख्या इंजिनात एकच लिमिट असते आणि तीच दोन्ही कामं करते. मग एकतर अर्धवट फेऱ्यांमध्ये वेळ जातो किंवा अडचणीच्या क्षणी जादा वेळ मिळत नाही.

पहिलं सूत्र

आधी सुरक्षेची वजावट. साडेनऊला ऑफिसात पोचायचं असेल तर नऊ अठ्ठावीसला दादरला उतरणारी गाडी कोणी पकडत नाही. पूल, गर्दी आणि सिग्नलला थांबलेली गाडी यांची सोय आधीच केलेली असते. इंजिनासाठी ही सोय म्हणजे मूव्ह ओव्हरहेड. स्टॉकफिश या इंजिनात याची मूळ किंमत १० मिलिसेकंद आहे आणि एकाच मशीनवर दोन इंजिनं खेळवताना ती पुरते. लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर बॉट म्हणून खेळवताना पुरत नाही. मुंबईहून युरोपातल्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायलाच शंभर मिलिसेकंदांहून जास्त लागतात. वर घरच्या वायफायची, मोबाइल हॉटस्पॉटची आणि रात्री नऊला सगळी सोसायटी व्हिडिओ बघत असते त्याची भर. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) सकाळी सातला आणि रात्री नऊला दोन्ही वेळा घ्या आणि सरासरीवर न जाता सर्वात वाईट आकडा धरा. एक मिनिटाच्या डावात प्रत्येक चालीमागे शंभर मिलिसेकंद गेले तर साठ चालींत सहा सेकंद, म्हणजे एकूण वेळेचा दहावा हिस्सा, इंजिनाने विचार न करताच संपतो.

आता सूत्र. उरलेल्या वेळेतून ओव्हरहेड वजा करा. त्याला ३० ने भागा. त्यात इंक्रिमेंटचा पाऊण हिस्सा मिळवा. हा झाला पाया. सॉफ्ट लिमिट पायाच्या ६० टक्के. हार्ड लिमिट पायाच्या तिप्पट, पण उरलेल्या वेळेच्या निम्म्याहून जास्त कधीही नाही.

पाच अधिक तीनच्या डावात, ओव्हरहेड १५० धरून: २९९८५० भागिले ३० म्हणजे ९९९५, अधिक २२५०, पाया १२२४५. सॉफ्ट ७.३ सेकंद, हार्ड ३६.७ सेकंद. आता हाच हिशोब घड्याळात एकच सेकंद उरलेला असताना करून पाहा. ८५० भागिले ३० म्हणजे २८, अधिक २२५०, पाया २२७८, सॉफ्ट १३६७ मिलिसेकंद. उरलेत ८५०! इंक्रिमेंट चाल खेळून झाल्यावर मिळतं, आधी नाही, आणि सूत्र तो अजून न झालेला पगार आधीच खर्चायला निघालंय. हार्ड लिमिटची निम्म्याची अट इथे ४२५ वर अडवते. म्हणून सगळ्यात शेवटी एक ओळ हवीच: सॉफ्ट हार्डपेक्षा मोठी असेल तर ती हार्डइतकी करा. आणि दोन्ही किमान एक मिलिसेकंद ठेवा, शून्य किंवा ऋण नको.

३० हा आकडा कुठून आला? तो एक अंदाज आहे: डाव नेहमी अजून तीस चाली चालेल असं मानायचं. दरवेळी उरलेल्याचा तिसावा भाग घेतल्याने वेळ कधीच पूर्ण संपत नाही, फक्त वाटा लहान होत जातो. इंक्रिमेंट नसलेल्या पाच मिनिटांच्या डावात प्रत्येक चालीला पूर्ण तिसावा भाग वापरला तर साठ चालींनंतर सुमारे ३९ सेकंद उरतात. पण प्रत्यक्ष सॉफ्ट लिमिट त्याच्या ६० टक्के, म्हणजे पन्नासावा भाग. तेवढाच वापरला तर ८९ सेकंद उरतात. हा कंजूषपणा झाला. ‘वेळ कुठे उधळायचा’ या विभागातली वाढ त्यासाठीच आहे, आणि ती नसेल तर ६० टक्क्यांची कात्रीही लावू नका.

मूव्ह्जटूगो आलं तर ३० च्या जागी तो आकडा अधिक दोन घ्या, पण एकूण ३० च्या वर जाऊ देऊ नका. ४० चालींना ९० मिनिटं अशा डावात चाळिसावी चाल आली की मूव्ह्जटूगो एक होतं, आणि साधा भागाकार उरलेला सगळा वेळ त्या एका चालीवर लावतो. फ्लॅग पडायची ही सगळ्यात ठरलेली जागा. अधिक दोनमुळे तिसरा भागच पायात जातो, आणि जे उरतं ते पुढच्या टप्प्याच्या वेळेत जमा होतं, वाया जात नाही.

हार्ड लिमिट नेमकी कशी पाळायची

घड्याळ प्रत्येक नोडला (शोधात तपासलेल्या प्रत्येक स्थितीला) पाहणं महाग पडतं. दर २०४८ नोडना एकदा पाहा. सेकंदाला दहा लाख नोड करणाऱ्या इंजिनात हे दोन मिलिसेकंद होतात, चालून जातं. पायथनमधलं इंजिन सेकंदाला वीस हजार करत असेल तर तेच २०४८ नोड म्हणजे शंभर मिलिसेकंद. तिथे ६४ ठेवा. आणि मोजणी क्विएसन्स शोधातही (मारामारी शांत होईपर्यंत पुढे चालणाऱ्या शोधात) करा. मारामारीच्या स्थितीत बहुतेक नोड तिथेच जातात. मोजणी फक्त मुख्य शोधात असेल तर इंजिन नेमक्या गुंतागुंतीच्या क्षणी घड्याळाकडे पाहायचं विसरतं.

वेळ संपल्याचं कळलं की एक झेंडी वर करायची आणि प्रत्येक पातळीवरून परत यायचं. इथे सगळ्यात छुपा बग राहतो. अर्धवट थांबलेला शोध काहीतरी आकडा परत देतो, बहुधा शून्य. तो आकडा वरच्या पातळीने खरा मानून हॅश टेबलमध्ये लिहिला तर पुढच्या चालीत इंजिन वजीर फुकट देऊन बरोबरी आहे असं समजतं. म्हणून आतल्या प्रत्येक कॉलवरून परत आल्यावर चाल मागे घ्या, लगेच झेंडी तपासा, आणि ती वर असेल तर काहीही न लिहिता बाहेर पडा. हा बग फक्त कमी वेळात दिसतो, खोली ठरवून केलेल्या चाचणीत कधीच नाही.

तुटलेल्या फेरीचं काय करायचं? पूर्णपणे टाकून दिलीत तरी चालेल, पण नुकसान आहे. मागची सर्वोत्तम चाल नव्या फेरीत पहिली तपासली जाते. ती पूर्ण तपासून झाली आणि मग दुसरी एखादी चाल तिच्याहून सरस ठरली, तर तुटलेल्या फेरीतली ती नवी चाल वापरणं बरोबर आहे. पहिलीच चाल अर्धवट असेल तर मात्र मागच्या फेरीचं उत्तर खेळा.

आणि शोध सुरू करण्याआधीच पहिली कायदेशीर चाल हातात धरून ठेवा. दहा मिलिसेकंद उरलेले असताना पहिली फेरीही पुरी होत नाही आणि इंजिन रिकामी चाल पाठवतं. तोही डाव गेलाच.

वेळ कुठे उधळायचा

१९९७ साली कास्पारोव्हला हरवणाऱ्या डीप ब्लूमध्येही दोनच लक्ष्यं होती. नेहमीचं लक्ष्य म्हणजे पुढच्या टप्प्यापर्यंतचा वेळ भागिले बाकी चाली. दुसरं, घबराटीचं लक्ष्य, उरलेल्या वेळेच्या सुमारे एक तृतीयांश. नेहमीची वेळ संपताना सर्वोत्तम चालीचं मूल्य आधीच्या फेरीपेक्षा १५ शतांश प्याद्यांनी किंवा जास्त घसरलेलं असेल, किंवा नवी चाल पुढे येण्याच्या बेतात असेल, तर यंत्र दुसऱ्या लक्ष्याकडे सरकायचं. आजची इंजिनं हेच करतात, फक्त पायऱ्यांऐवजी गुणकांनी.

पहिला गुणक स्थैर्याचा. सर्वोत्तम चाल आत्ताच बदलली असेल तर सॉफ्ट लिमिटला १.६ ने गुणा. एक फेरी टिकली असेल तर १.२, दोन फेऱ्या १.०, तीन ०.९, चार किंवा जास्त ०.८. हे सुरुवातीचे आकडे आहेत, तुमच्या इंजिनाला वेगळे मानवतील.

दुसरा गुणक नोडच्या वाट्याचा, आणि एकच टाकायचा असेल तर हाच टाका. या फेरीतले किती नोड सर्वोत्तम चालीवर खर्च झाले ते पाहा. ९० टक्के झाले असतील तर बाकीच्या चाली पटकन बाद झाल्या, स्पर्धाच नाही. ४० टक्केच झाले असतील तर इतर चालींनी झुंज दिली. सूत्र: १.५ मधून वाटा वजा करून १.३५ ने गुणा. ९० टक्क्यांना ०.८१, ४० टक्क्यांना १.४८५ मिळतात. त्यासाठी मुळाच्या, म्हणजे पटावरच्या आत्ताच्या स्थितीतल्या, प्रत्येक चालीचे नोड एका तक्त्यात मोजावे लागतात, दहा ओळींचं काम. पहिल्या सहा-सात फेऱ्यांत हा वाटा उड्या मारतो. तिथे गुणक लावू नका.

तिसरा घसरणीचा. मूल्य मागच्या फेरीपेक्षा खाली आलं की दर १० शतांशांमागे ५ टक्के वेळ वाढवा, कमाल दीडपट. मूल्य वर गेलं तर काही करायचं नाही.

तिन्हींचा गुणाकार ०.५ ते २.५ च्या आत बांधून ठेवा. वरच्या डावात चाल नुकती बदलली (१.६), वाटा ४० टक्के (१.४८५) आणि घसरण ६० शतांश (१.३) असं एकदम आलं तर गुणाकार ३.०९ होतो, बांधणीने २.५ वर येतो, आणि ७.३ चे १८.४ सेकंद होतात. हार्ड लिमिटच्या बरंच आत. उलट घोडा मारला, त्याला परत मारण्याची चाल चार फेऱ्या टिकून आहे आणि ९७ टक्के नोड तिच्यावर आहेत, तर गुणाकार ०.५७ आणि वेळ ४.२ सेकंद. एकच कायदेशीर चाल असेल तर काहीच विचार न करता खेळा. तो सगळ्यात सोपा नफा.

लीलासारखी मॉन्टे कार्लो पद्धतीची इंजिनं फेऱ्यांनी चालत नाहीत, त्यांचा निकष वेगळा आहे. उरलेल्या वेळेत होऊ शकणाऱ्या सगळ्या भेटी (एखादी चाल जितक्या वेळा तपासली जाते तो आकडा) दुसऱ्या क्रमांकाच्या चालीला दिल्या तरी ती पहिलीला गाठू शकत नसेल तर थांबायचं.

प्रतिस्पर्ध्याच्या वेळात विचार

पाँडरिंगमध्ये समोरच्याची चाल ओळखून त्याच्या घड्याळावर विचार चालतो. ‘पाँडरहिट’ आलं की अंदाज खरा ठरला. सॉफ्ट लिमिट पाँडरिंग सुरू झाल्यापासून मोजा, हार्ड लिमिट ‘पाँडरहिट’पासून, कारण आपलं घड्याळ तेव्हा सुरू होतं. शोध आधीच संपला तरी ‘पाँडरहिट’ किंवा ‘स्टॉप’ येईपर्यंत चाल पाठवायची नाही. वेळ फुकटात मिळत असल्याने सॉफ्ट लिमिट थोडी सैल सोडता येते. स्टॉकफिश पाँडरिंग चालू असताना ती पाव हिश्शाने वाढवतं.

तपासणी

ताकद मोजण्याआधी लॉग. प्रत्येक चालीला उरलेला वेळ, सॉफ्ट, हार्ड आणि प्रत्यक्ष लागलेला वेळ एका ओळीत लिहा. प्रत्यक्ष वजा हार्ड हा आकडा दहा मिलिसेकंदांच्या आत राहायला हवा. एखादीच चाल मोठी उडी मारत असेल तर तीन ठिकाणं तपासा: पायथन किंवा जावाचं गार्बेज कलेक्शन, डावाच्या सुरुवातीला पुसलं जाणारं मोठं हॅश टेबल, जे ‘गो’च्या आत पुसलं जात असेल, आणि आउटपुट फ्लश न करणं. तिसरं फार फसवं आहे. टर्मिनलवर चाल लगेच दिसते, पण पाइपमधून बोलताना ती बफरमध्ये पडून राहते आणि इंजिनाच्या हिशोबात सगळं वेळेत झालेलं असतं.

मग कटचेस-सीएलआय किंवा फास्टचेसवर (इंजिनं आपसांत खेळवणारे प्रोग्राम) हजार डाव ८ सेकंद अधिक ०.०८ वर, त्यानंतर इंक्रिमेंटशिवाय, त्यानंतर १० सेकंदांत ४० चाली. टाइमवर हरलेले डाव शून्य हवेत. हजारात दोन म्हणजेही बग आहे. टाइममार्जिनची सवलत मोठी ठेवून तो लपवू नका. एकाच वेळी चालणारे डाव प्रोसेसरच्या खऱ्या कोअरपेक्षा कमी ठेवा, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिम इंजिनाला रांगेत उभं करते आणि दोष तुमच्या सूत्राला लागतो. मे महिन्यात बंद खोलीत रात्रभर चाचणी लावली तर लॅपटॉप तापून वेग उतरतो. दोन्ही इंजिनांवर सारखाच परिणाम होतो हे खरं, पण दुपारचे आणि पहाटेचे निकाल एकमेकांशी ताडून पाहू नका.

गुणकांमधला प्रत्येक बदल एसपीआरटी (निकाल पुरेसा पक्का होईपर्यंत डाव खेळवणारी सांख्यिकी चाचणी) लावून तपासा, एका वेळी एकच, आणि दोन वेगवेगळ्या वेळांवर. स्टॉकफिशच्या फिशटेस्ट या चाचणी-यंत्रणेवर १० सेकंद अधिक ०.१ आणि ६० सेकंद अधिक ०.६ अशा दोन पायऱ्या असतात. वेळेच्या कोडला दुसरी पायरी टाळता येत नाही, कारण दहा सेकंदांच्या डावात जिंकणारा गुणक मिनिटाच्या डावात बऱ्याचदा हरतो: छोट्या डावात फेऱ्याच कमी होतात, त्यामुळे ‘चार फेऱ्या टिकलेली चाल’ याचा अर्थच तिथे निराळा असतो. ओव्हरहेड मात्र या चाचण्यांत ठरवू नका. तो त्या त्या मशीनचा आणि त्या त्या जोडणीचा आकडा आहे. यूसीआयचा पर्याय म्हणून बाहेर ठेवा. घरी १०, लिचेसवर सर्वात वाईट पिंगच्या वर.